एका जोडीचा पोळा

माझं लग्न जमवणाऱ्या मध्यस्थानं माझ्या वडिलांना सांगितलं होतं, "घर मानाचं आहे. गावच्या पोळ्यात पहिली जोडी त्यांची निघते." आमचं देऊळगाव राजा. बालाजीच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं पातेलं घेताना ते वाजवून घ्यावं असं रोज सांगणारा हा माणूस, पण मुलीचं सासर घेताना त्यांनी काही वाजवून पाहिलं नाही. जमीन किती, मुलगा किती शिकला, दात पुढं आहेत का, एवढं विचारलं. गावच्या पोळ्यात एकूण जोड्या किती, हे विचारलं नाही. कोण विचारणार म्हणा.

लग्नानंतर आम्ही उंद्रीपर्यंत मोटारीनं आलो आणि तिथून छकड्यातून निघालो. तासाभरानं एक गाव आलं. मारुतीचं देऊळ, पार, पाण्याला निघालेल्या बाया. मी पदर सावरून बसले. छकडं त्या गावात शिरलं आणि तसंच दुसऱ्या बाजूनं बाहेर पडलं. मी नवऱ्याला हळूच विचारलं, "गाव मागं राहिलं ना?"

"हाव."

"मग?"

"आपलं वरती हाय."

वरती एक बरड होतं. बरड म्हणजे जिथं दगडाला माती लागलेली असते अशी जमीन. त्यावर पळसाची झाडं, बोराट्या, आणि मधोमध एक घर. एक म्हणजे मोजून एक. मी इकडंतिकडं पाहिलं आणि म्हटलं, "बाकीचं गाव कुठंय?"

नवरा म्हणाला, "होऊन राह्यलं."

हे त्यानं इतक्या शांतपणे सांगितलं की मला वाटलं, सकाळी उठेपर्यंत होईल.

आता त्या जागी पन्नासेक घरं आहेत, शाळा आहे, आणि दर पंधरा ऑगस्टला शाळेत कुणीतरी उभं राहून माझ्या सासऱ्यांवर भाषण करतं. गावाचे संस्थापक. दूरदृष्टीचे पुरुष. ओसाड माळाचं नंदनवन करणारे. माझे केस पांढरे झाले म्हणून मला पहिल्या रांगेत खुर्ची मिळते आणि मी ते सगळं ऐकून घेते. पण सासरे बरडावर दूरदृष्टीनं गेले नव्हते. ते एका बैलाच्या शेपटामुळं गेले होते.

त्याचं असं झालं. खालच्या गावात पोळ्याला शंभराच्या वर जोड्या तोरणाखाली जमायच्या. आंब्याच्या पानांचं लांबलचक तोरण, त्यामागं बैलांची रांग, आणि पाटलाच्या घरची जोडी तोरणाखालून गेली की पोळा फुटायचा. मग बाकीच्यांनी आपापले बैल पळवत घरी न्यायचे. सासऱ्यांचं म्हणणं, हा पहिला मान मुळात त्यांच्या आजोबांचा. पुरावा विचारला की ते म्हणायचे, आजोबांनी सांगितलं. एका वर्षी त्यांनी आपली जोडी पाटलाच्या जोडीच्या बरोबरीनं घुसवली, शिंगात शिंगं अडकली, आणि पंचांनी बसून निकाल दिला की यांचा मान दुसरा. शंभर जोड्यांत दुसरा! माझ्या वडिलांनी पेढे वाटले असते. सासरे म्हणाले, "दुसऱ्याच्या बैलाचं शेपूट पाहत मी पोळ्यात उभा राह्यत नसतो."

तेव्हा सरकार पडीक जमीन वाहितीला देत होतं. सासऱ्यांनी गावात कुणी फुकट घेतलं नसतं असं ते बरड मागून घेतलं, बायको आणि मुलगा गाडीत घातला आणि वर निघून गेले. त्या काळात आमचा जिल्हा आधी मध्यप्रदेशात होता, मग मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्रात आला. जिल्ह्यानं तीन घरं बदलली. सासऱ्यांचा हट्ट तेवढा जागचा हलला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर सुंभही शाबूत होता.

कामाच्या बाबतीत मात्र मी त्यांना नावं ठेवणार नाही. पळसाचं एकेक खोड त्यांनी मुळासकट उपटलं. दगड वेचून बांध घातले, ते अजून आहेत. विहिरीचे दोन खड्डे कोरडे गेले आणि तिसऱ्याला पाणी लागलं. हे सगळं त्यांनी हातानं केलं. पण त्यातला अर्धा हात सासूबाईंचा होता. डोक्यावर दगडाची पाटी घेऊन त्या चालल्या नसत्या तर बांध सासऱ्यांच्या हट्टावरच उभे करावे लागले असते. भाषणात त्यांचा उल्लेख "आणि त्यांच्या सहचारिणी" एवढाच येतो. नंतर लगेच टाळ्या वाजतात.

माझा पहिला पोळा त्याच वर्षी आला. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं शेकले, त्यांना उद्या जेवायला या म्हणून रीतसर आवतन दिलं. सकाळी धुऊन शिंगांना तेल आणि गेरू लावला. दुपार कलल्यावर घरासमोर दोन बल्ल्या रोवून तोरण बांधलं. सासरे धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून, आपली तांबड्या-बांड्याची जोडी घेऊन तोरणापुढं उभे राहिले. नवरा डफडं वाजवत होता. पब्लिक म्हणजे सासूबाई आणि मी.

सासऱ्यांनी एकदा मागं वळून पाहिलं. रांग नीट लागली आहे ना, हे मानकऱ्यानं पाहायचं असतं. मागं त्यांचं स्वतःचं तुरीचं वावर होतं. मग त्यांनी खाकरून जोडी तोरणाखालून नेली आणि पलीकडं जाऊन स्वतःच जाहीर केलं, "पोळा फुटला."

मी पदर तोंडात कोंबला. वासरात लंगडी गाय शहाणी असते, इथं तर वासरंही नव्हती. सासूबाईंनी माझ्या दंडाला चिमटा घेतला.

"हासू नको," त्या म्हणाल्या. "आठ वर्षं झाले, मी नाही हासली."

तेव्हा मला ते रागावणं वाटलं. नंतर कळलं, त्या आपलं दुःख सांगत होत्या.

त्या बरडावर सासूबाईंना आठ वर्षांत शेजार नव्हता. हे लिहायला सोपं आहे. मांजरानं विरजण सांडलं की पुन्हा दही लावायला चार कोस खाली जावं लागे. भांडण झालं तर नवऱ्याशीच, आणि त्याची तक्रारही नवऱ्याकडंच. त्या विहिरीवर पाणी शेंदताना मोठ्यानं बोलायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी धावत गेले, कोण आलं म्हणून. कुणी नव्हतं. त्या विहिरीवर येऊ शकल्या असत्या अशा बायांशी बोलत होत्या. माझ्याकडं पाहून जराशा ओशाळल्या आणि घागर उचलून चालू लागल्या.

मी आल्यावर त्यांना सोबत झाली खरी, पण सून ती सून. सुनेची चहाडी सुनेपाशी कशी करणार?

पुढच्या उन्हाळ्यात दुसरं घर आलं. धामणगाव बढेकडचा एक भाजीवाला माळी, त्याची बायको आणि दोन पोरी. त्यालाही आमच्या शेजारचा तुकडा मिळाला होता आणि विहिरीचं पाणी पाहून सासऱ्यांनीच त्याला बोलावून घेतलं होतं. गाडीवरून त्याचं बाजलं उतरत होतं आणि सासूबाई चुलीवर भाकर टाकून तशाच बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. भाकर जळली. त्यांनी जळलेली भाकर खाल्ली आणि दिवसभर गुणगुणत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या माळणीकडं मीठ मागायला गेल्या. आमच्या घरात मिठाचं मडकं काठोकाठ भरलेलं होतं. तिसऱ्या दिवशी विरजण मागितलं. चौथ्या दिवशी माळीण आमच्याकडं चाळणी मागायला आली, तिच्या कमरेला स्वतःची चाळणी खोचलेली मला दिसली.  दोघी ओट्यावर बसून तासभर बोलल्या आणि चाळणी तशीच राहिली.

माझंही काही वेगळं नव्हतं. तोवर मी मनाशी ठरवलेलंच होतं की माहेरी गेले की परत यायचं नाही. देऊळगावात दारात उभं राहिलं तरी दहा माणसं बोलतात. इथं दारात उभं राहिलं की होले पक्षी दिसायचे. पण दुसरं घर आलं तेव्हा वाटलं, निभेल. हे घर टिकलं तर मी टिकेन.

ते टिकू नये याची तजवीज सासऱ्यांनी लगेच सुरू केली.

इतकी वर्षं ते पहिले होते, पण कुणाच्या पुढं पहिले हे दाखवायला माणूस नव्हता. आता माणूस मिळाला. सकाळची पहिली बादली आमची, मग माळ्यानं भरायची. पेरणीचा मुहूर्त आमचा, मग त्यांचा. पायवाट आधी आमच्या माणसांनी ओलांडायची. एकदा माळ्यानं आमच्या आधी विहिरीवर दोर सोडला तर सासरे तिथं जाऊन नुसते उभे राहिले, तो दोर वर घेईपर्यंत. माळी बोलायला सरळ होता. सासूबाईंपाशी म्हणाला, "बाई, आमी इथं वांगे लावाले आलो, दरबारात हजेरी द्याले नाही."

श्रावणात त्यानं बायकोला सांगून टाकलं, बायकोनं सासूबाईंना, आणि सासूबाईंनी रात्रभर तळमळून सकाळी मला. माळी म्हणत होता, पोळ्याला त्यांच्या मागं उभा राहीन, मोठा माणूस आहे, मान देईन. पण त्यावरही काही नाटक झालं तर दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून धामणगावला परत. वांगी कुठंही येतात.

मी खोलीत गेले आणि माझी लोखंडी पेटी भरली. पोळ्यानंतर महालक्ष्म्यांना माझा भाऊ मला न्यायला येणार होता. दुसरं घर गेलं तर ही पेटी जी जाईल ती परत येणार नाही, असं मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, "बरं." त्याचा स्वभावच तसा, पूर आला तरी बरं म्हणणारा. पेटी मी खाटेखाली सरकवली.

आणि मग मी एक शहाणपणा केला. आम्ही दुकानदाराची माणसं, माल सजवल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. नागपंचमीला माहेरी गेले तेव्हा दुकानातून चमकीचा कागद आणला होता, लग्नाच्या भांड्यांना गुंडाळतात तो, लाल आणि सोनेरी. मला वाटलं, या वर्षी दोन जोड्या आहेत, खालच्या गावातून सासऱ्यांनी मुद्दाम बैल नसलेली पाच-सहा माणसं पाहायला बोलावली आहेत, तोरण जरा शहरासारखं दिसावं. सगळ्यांचं मन प्रसन्न होईल, मान-पान पार पडेल. म्हणून आंब्याच्या पानांमध्ये मी त्या कागदाच्या हातभर लांब झिरमिळ्या लावल्या. सासूबाई म्हणाल्या, "हे काय व?" मी म्हटलं, "देऊळगावात असंच करतात." देऊळगावात असं कुणी करत नाही.

दुपार कलली. तोरण बांधलं. समोरून उतरतं ऊन पडून झिरमिळ्या अशा चमकत होत्या की मलाच माझं कौतुक वाटलं. खालच्या गावातली माणसं दगडांवर बसली. सासरे फेटा बांधून जोडी घेऊन पुढं, त्यांच्या मागं माळी आपली पांढरी जोडी घेऊन. सासऱ्यांनी मागं वळून पाहिलं, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा मागं खरंच कुणीतरी होतं. त्यांच्या मिशीखाली जे हसू आलं ते मी कधी विसरणार नाही. लहान मुलाला भोवरा मिळाल्यावर येतं तसं होतं.

डफडं वाजलं. जोडी चार पावलं गेली, वारा आला, झिरमिळ्या सळसळल्या. तांबड्यानं मान वर केली, फुस्स केलं, दोन पावलं मागं सरकला आणि पुढचे गुडघे टेकून बसला. बांडा त्याच्या बाजूला उभा, गोंधळून.

इतर दिवशी बैल बसला तर खिळ्याची काठी, म्हणजे तुतारी, टोचतात, शेपूट पिरगाळतात. पोळ्याच्या दिवशी बैलावर हात उगारायचा नसतो, त्याला वाकडा शब्दही बोलायचा नसतो. तो त्या दिवशी पाहुणा असतो. सासऱ्यांनी त्याला चुचकारलं. गूळ दिला, त्यानं बसल्या बसल्या गूळ खाल्ला. पाठीवरून हात फिरवला, त्यानं तोही फिरवू दिला. उठला मात्र नाही. खालच्या गावातला एकजण म्हणाला, "बैलालेच मान पसंत नाही वाटते." बाकीचे हसले.

आणि पहिली जोडी गेल्याशिवाय मागची जोडी जाऊ शकत नाही. वळसा घालूनही नाही. माळी तसाच उभा. बैलांनी खाल्ल्याशिवाय घरात कुणी खायचं नसतं, त्यामुळं त्याच्या पोरी सकाळपासून उपाशी. माळीण आपल्या दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभी, तिच्या ताटातला दिवा दोनदा विझला. दिवस बुडायला आला.

"बुवा," माळी म्हणाला, "आमच्या बैलायनं कवा जेवाचं?"

"पहिली जोडी गेल्याबिगर पोळा फुटत नसते," सासरे म्हणाले.

"मंग होऊ द्या तुमचं सावकाश. मी उद्या गाडी जुपतो."

तो हे ओरडून बोलला नाही. त्यामुळंच ते खरं होतं हे सगळ्यांना कळलं. माळीण ताट खाली ठेवून आत गेली.

बैल कशाला बिचकला हे मला तोवर कळून चुकलं होतं. वारा आला की तो कान टवकारायचा, वारा थांबला की शांत. मी बोलायला हवं होतं. कागद काढा, एवढे दोन शब्द. सगळ्या जगाला नावं ठेवणारी माझी जीभ टाळूला चिकटून बसली. सासऱ्यांनी वर पाहिलं, तोरणाकडं. मग माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, मी हसते आहे का हे पाहत असतील. मी मान खाली घातली. ते पुन्हा बैलाच्या पाठीवरून हात फिरवू लागले.

तेव्हा सासूबाई दारातून निघाल्या. पोळ्याच्या रांगेत बायका येत नाहीत, त्या आपल्या दारात थांबतात. त्या तरातरा चालत बल्लीपाशी गेल्या, दोराची गाठ सोडली आणि तोरण खाली टाकून दिलं. आंब्याची पानं, माझ्या झिरमिळ्या, सगळं धुळीत.

"घ्या," त्या म्हणाल्या. "आता कोन पहिला न् कोन दुसरा? नऊ वर्षं मी तुमच्या मागं एकटी उभी राह्यली. तुमचा मान तुमी ठेवा. मले गावात दुसरी बाई पाह्यजे."

त्यांचा आवाज फाटला होता. नवऱ्याला त्या चारचौघांत असं कधी बोलल्या नव्हत्या. चारचौघे मिळाले कुठं होते म्हणा.

कुणी काही बोलायच्या आत तांबडा उठला. अंग झाडलं आणि घराकडं चालू लागला, जणू काही झालंच नव्हतं. बांडा त्याच्या मागं, आणि माळ्याची पांढरी जोडी सैल पडलेले कासरे घेऊन बाजूनं धावली. चार बैल एकात एक मिसळून दोन बल्ल्यांमधून गेले. पहिला कोण गेला हे पाहायला कुणी शुद्धीवर नव्हतं. सासूबाईंनी आपल्या बैलांना नंतर ओवाळलं, आधी माळणीच्या दारात जाऊन तिला बाहेर ओढून आणलं आणि तिच्या ताटातला दिवा लावून दिला.

 त्या संध्याकाळी सासऱ्यांनी बैलांना स्वतःच्या हातानं पुरणपोळी चारली. सकाळी मी विहिरीकडं पाहत उभी होते. माळी गाडीकडं न जाता घागर घेऊन आला, बहुधा जाण्याआधी पाणी भरून घ्यावं म्हणून. सासरे आधीच तिथं होते, बादली दोराला बांधलेली. त्यांनी बादली सोडवून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "भर." माळ्यानं पाणी भरलं. गाडी जुंपली गेली नाही. एवढाच तह झाला.

खालच्या गावाला मात्र खुराक मिळाला. पुढं कितीतरी वर्षं सासरे बाजाराला गेले की कुणीतरी विचारायचं, "काय बुवा, बैल उठला काय?" ज्या मानासाठी माणसानं गाव सोडलं, तो त्याच्याच बैलानं नाकारला, अशी ती गोष्ट उंद्रीपर्यंत गेली. माझ्या माहेरीही पोचली, आणि मी ती ऐकून सगळ्यांबरोबर हसले. याची मला अजून लाज वाटते.

भाऊ न्यायला आला, मी पेटी घेऊन गेले आणि आठव्या दिवशी पेटी घेऊन परत आले. उरलेला चमकीचा कागद आईच्या चुलीत घातला. पुढच्या वर्षी तिसरं घर आलं, मग एकदम चार. सासूबाईंचं विरजण त्यानंतर कधी तुटलं नाही. पोळ्याचं तोरण पुन्हा बांधलं जाऊ लागलं, माळीच दरवर्षी म्हणायचा, "व्हा पुढं बुवा," आणि सासरे पुढं व्हायचे. पण पहिल्यासारखे मागं वळून पाहायचे नाहीत.

सासूबाई गेल्या तेव्हा अंगणात बायाच बाया होत्या. मला रडायला जागा मिळेना. सासरे ओट्यावरून त्या गर्दीकडं पाहत होते. मला बोलावून म्हणाले, "ह्या साऱ्या इथल्याच काय?"

"इथल्याच, मामाजी."

"तिनं पाह्यल्या असतीन," ते म्हणाले आणि फेटा काढून मांडीवर ठेवला.

त्याच्या पुढच्या पोळ्याआधीची गोष्ट. सासरे ओट्यावर बसून अंबाडीचा नवा कासरा वळत होते. विकतचा कासरा त्यांना चालत नसे. मी तूर निवडत होते. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मला एकदम ठेववेना.

"मामाजी, त्या साली तांबडा बसला तो माह्या कागदानं."

"ठाऊक हाय."

माझे हात थांबले. "कवापासून?"

"तवाच. वर पाह्यलं होतं ना मी."

"मंग बोलले काऊन नाही? कागद काढून टाका म्हणले असते, त मान राह्यला असता. लोकायनं किती हासून घेतलं तुमाले."

त्यांनी वळलेला पीळ मांडीवर दाबून धरला.

"कागद काढा म्हणलं असतं, त कागद कोनाचा ते निघालं असतं. आलेले लोकं तुले बोलले असते, मी बी बोललो असतो. तुही पेटी खाटीखाली भरेल होती, मी पाह्यली होती." त्यांनी धागा दातानं तोडला. "मान काय, पुढच्या साली भेटते. ह्या बरडावर दुसरी सून कोन देत होतं मले? तुह्या बापाले बी फसवूनच त आनली."

मग त्यांनी कासऱ्याचं दुसरं टोक माझ्याकडं फेकलं आणि म्हणाले, "धर. ढिल्लं सोडू नको."

मी टोक धरून उभी राहिले.